जुनी नाताळ-सजावट जमवायची आणि पुन्हा घडवायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या संग्रहातली पहिली जुनी वस्तू म्हणजे कापसाची एक नासपती. मुठीत मावेल एवढी. एका गालावर लाली, अंगावरचा अभ्रकाचा चुरा बहुतेक झडलेला, देठाच्या जागी गंजलेली तार. ती जर्मनीत शंभरेक वर्षांपूर्वी नाताळच्या झाडासाठी केलेली होती. मी ती कितीतरी दिवस हातात घेऊन न्याहाळत होते, पण ती कशी केली आहे हे मला कळलं ते तशीच एक करायला बसल्यावर. कापूस कुठे घट्ट आवळलाय, कुठे सैल सोडलाय, लाली ओल्यावर लावली की वाळल्यावर, हे हात अडल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. जमवणं आणि घडवणं वेगळं काढू नका. एक जुनी वस्तू घ्या, तिच्यासारखी एक नवी करा, मग पुढची जुनी वस्तू शोधा. नुसतं जमवणारा फसतो आणि नुसतं घडवणारा इंटरनेटवरच्या फोटोंची नक्कल करत राहतो.

आधी एकच साहित्य धरा

जुन्या नाताळ-सजावटीचं जग मोठं आहे आणि सुरुवातीला सगळंच हवंसं वाटतं. निदान पहिलं वर्ष एका साहित्यापुरतं ठेवा. निवड करता यावी म्हणून मुख्य घराण्यांची ओळख करून देते.

काच सगळ्यांना माहीत असते. तिचं गाव लाउशा, जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातलं. तिथे १५९७ मध्ये काचेची भट्टी सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाडाला टांगायचे काचेचे गोळे, फळं, पाखरं तयार होऊ लागली. १८६७ मध्ये गावात गॅस आल्यावर ज्योत हवी तशी कमी-जास्त करता येऊ लागली आणि काच फुगवून अगदी पातळ करणं जमू लागलं. काम घराघरांत चाले. बाप काच फुंकणार, आई आत चांदीचा द्राव फिरवणार, मुलं रंग देणार आणि गोळ्यांच्या माना कापणार. तयार माल पाठीवरच्या टोपल्यांत भरून बायका सोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे घेऊन जात. एखादं लाउशाचं पाखरू हातात आलं तर त्याच्या रंगाचे फटकारे पाहा. एका डोळ्याचा ठिपका मोठा, दुसऱ्याचा लहान असतो. ते एखाद्या मुलाच्या हातचं असू शकतं, आणि मला त्यापुढे अजूनही थांबावंसं वाटतं.

याहून आधीचे, जाड काचेचे जड गोळे असतात, त्यांना संग्राहक ‘कूगल’ म्हणतात. डोक्यावर पितळी नक्षीची टोपी. निळे, हिरवे, सोनेरी, चंदेरी त्यातल्या त्यात सापडतात. लाल आणि जांभळे दुर्मीळ.

काचेशिवायचं जगही तितकंच समृद्ध आहे. ड्रेस्डेन आणि लाइपझिगच्या परिसरात ओलसर पुठ्ठा ठशांत दाबून सोनेरी-चंदेरी मासे, घोडे, गाड्या, जहाजं केली जात, त्यांना ‘ड्रेस्डेन’ असंच नाव पडलं. जर्मनीच्याच साक्सनी प्रांतातलं झेबनित्स कापडी फुलांसाठी प्रसिद्ध. तिथून कापूस, तार, धातूचा पत्रा आणि मेण एकत्र करून केलेल्या नाजूक वस्तू येत. सोनेबर्गच्या भागात कागदाच्या लगद्यापासून पोकळ सांताक्लॉज, ईस्टरचे ससे आणि हॅलोविनचे भोपळे होत. त्यांतले बरेच आत गोळ्या-चॉकलेटं भरायचे डबेच असत. हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेवर गुंडाळलेली झाडं हे आणखी एक घराणं. आणि कापसाच्या वस्तू.

नवख्या माणसाने कापसापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. साहित्य साधं आहे, भट्टी लागत नाही, चूक झाली तर पुन्हा ओलं करून दुरुस्त करता येतं. काच घरी करायच्या फंदात पडू नका. काचेला आतून चांदी चढवायचा द्राव सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियापासून होतो आणि तो नुसता ठेवून दिला तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. ते काम शिकलेल्या कारागिरांचं.

डोळा तयार करा

खरेदीला निघण्याआधी तीन साधी साधनं घ्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी आणि मऊ कोरडा ब्रश.

भिंगाचा सगळ्यात मोठा उपयोग छापील चेहऱ्यांसाठी. जुन्या कापसाच्या बाहुल्यांना आणि देवदूतांना कागदी चेहरे चिकटवलेले असत. ते क्रोमोलिथोग्राफी पद्धतीने, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापत. भिंगाखाली त्यांत विखुरलेले, वेडेवाकडे ठिपके दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, छोट्या फुलांसारख्या चक्रांत बसलेले असतात. एकदा हा फरक पाहिला की कायमचा लक्षात राहतो. चमकीही भिंगाखालीच तपासा. जुनी चमक म्हणजे अभ्रकाचे किंवा काचेचे अनियमित तुकडे. सगळे कण एकाच आकाराचे, षट्कोनी दिसले तर ते आजचं प्लास्टिक आहे.

अतिनील बॅटरी अंधाऱ्या खोलीत लावा. साधारण १९५० नंतरच्या कागदात, धाग्यात आणि धुतलेल्या कापडात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती निळसर-पांढरी झगमगतात. जुना कापूस बहुधा मंद, पिवळट दिसतो. ही परीक्षा एका बाजूनेच पक्की आहे हे लक्षात ठेवा. झगमगलं तर निदान तेवढा भाग नवा, नंतर दुरुस्त केलेला किंवा नंतर धुतलेला. झगमगलं नाही म्हणून जुनंच, असं नाही, कारण अशी रसायनं नसलेला कापूस आजही मिळतो.

मग अक्षरं वाचा. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं, म्हणून ‘जर्मनी’ असा शिक्का असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची. ‘पश्चिम जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९० मधली. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या ताब्याच्या काळातली. शिक्का नाही म्हणून निराश होऊ नका. लहान वस्तूंच्या बाबतीत तो अनेकदा फक्त खोक्यावर असे, आणि खोकी कोण जपून ठेवतं?

काचेच्या गोळ्याची टोपीही बोलते. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने विजेचे दिवे फुगवणाऱ्या यंत्रावर नाताळचे गोळे काढायला सुरुवात केली, आणि ते ‘शायनी ब्राइट’ नावाने घराघरांत पोचले. युद्धात धातू मिळेना, तेव्हा आतली चांदी गेली, नुसत्या पारदर्शक काचेवर रंगाचे पट्टे आले आणि पत्र्याच्या टोप्यांऐवजी पुठ्ठ्याच्या टोप्या बसल्या. दिसायला हे गोळे गरीब, पण कुठलाही शिक्का नसताना इतक्या नेमकेपणाने आपला काळ सांगणाऱ्या वस्तू थोड्या असतात. मला ते फार आवडतात.

आणि झीज पाहा. खरी झीज ठिकठिकाणी वेगळी असते. जिथे बोटं लागतात तिथे रंग उडतो, जिथे तार घासते तिथे खाच पडते, खालच्या घडीत धूळ बसते. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली वस्तू सगळीकडे सारखीच तपकिरी असते. नाकाशी धरली तर कधी कधी वासही येतो.

विकत घेताना

जुन्या बाजारात, घरातलं सामान विकायला काढलेलं असतं तिथे, लिलावात किंवा ऑनलाइन, कुठेही घेतलंत तरी टोपी, मान, तळ आणि मागची बाजू यांचे फोटो मागा. समोरचा सुंदर फोटो सगळेच देतात. पहिली खरेदी मोडक्या वस्तूची करा. पाय तुटलेली कापसाची बाहुली स्वस्तात मिळते आणि तिच्या तुटक्या पायातून आतली तार, कापसाचे थर, खळीचा डाग सगळं उघडं दिसतं. धडधाकट वस्तू पोटातलं दाखवत नाही.

काही गोष्टी मात्र हात लावण्याआधी ओळखता यायला हव्यात. जुनी जड, लोंबती चंदेरी झिरमिळी शिशाची असू शकते. अमेरिकेत ती १९७२ पासून बंद झाली. मुलांपासून दूर ठेवा, हाताळल्यावर हात धुवा. जुन्या खोक्याच्या तळाशी पांढरा, तंतुमय ‘बर्फ’ सापडला तर तो झटकू नका, फुंकू नका. १९३० आणि १९४० च्या दशकांत सजावटीचा बर्फ म्हणून ॲसबेस्टॉस विकला जात असे. खोकं हळूच बंद करा आणि तुमच्या भागातल्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे त्याची सोय लावा. बुडबुडे सोडणारे जुने दिवे मोहक दिसतात, पण आत मिथिलीन क्लोराइड हा विषारी द्रव असतो, म्हणून चिरलेला दिवा घेऊ नका. जुन्या विजेच्या माळा शोभेला ठेवा, प्लगला लावू नका. त्यांचं कापडी आवरण वाळून ठिसूळ झालेलं असतं.

पहिली वस्तू: कापसाची नासपती

आता कामाला बसू. लागेल ते असं: लांब धाग्याचा, गुंडाळीत मिळणारा कापूस (गोळे नकोत), सुमारे १ मिलिमीटर जाडीची लोखंडी तार, कॉर्नफ्लोअर, जलरंग, अभ्रकाचा चुरा, पक्कड आणि दोन ब्रश.

खळ आधी करून ठेवा. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा आणि एक कप उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहा. पारदर्शक होऊ लागली की उतरवा. गार झाल्यावर ती ब्रशने पसरेल इतपतच दाट हवी. खळ फार घट्ट झाली तर वरचा कापूस पापुद्र्यासारखा सुटतो. शिळी खळ वापरू नका, आंबते आणि पुढे बुरशी धरते.

तारेचा १२ सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि एका टोकाला छोटा आकडा वळवा. कापूस तिथे अडकतो आणि मग सरकत नाही. दुसरं टोक देठासाठी मोकळं.

कापूस कात्रीने कापायचा नाही. कापलेली कड कधीच एकजीव होत नाही, वाळल्यावर रेघ दिसते. बोटांनी हळूहळू ओढून, पेळूसारखी लांब, पातळ पट्टी काढा, टोकाला विरत गेलेली. वात वळताना कापूस जसा बोटांत ओळखता येतो तसा इथेही येतो, कुठे ओढ द्यायची ते हातालाच कळतं. आता तार फिरवत पट्टी तिच्यावर गुंडाळा. कापूस तारेभोवती नाचवू नका, तार फिरवा. ताण सारखा राहतो. जुने कारागीर हेच करत.

गाभा घट्ट हवा. नवख्यांची हमखास चूक इथेच होते. पहिला थर सैल राहिला की वर कितीही कापूस चढवला तरी फळ दाबल्यावर आत जातं आणि वाळताना खड्डे पडतात. गाभा पेन्सिलीएवढा झाला की त्यावर हलका हात फिरवून खळ लावा, तळव्यांत फिरवून दाबा आणि पूर्ण वाळू द्या, निदान एक रात्र. मग पुढचा थर, खाली जास्त, वर कमी. नासपतीचा बाक एका बाजूला थोडा जास्त ठेवा. झाडावरची नासपती कधी अगदी सरळ नसते आणि जुन्या कारागिरांनाही ते माहीत होतं.

तीन-चार थरांत आकार आला की शेवटचं कातडं चढवायचं. कापसाचा पातळ, जाळीसारखा पापुद्रा उलगडा, फळाभोवती लपेटा आणि खळीत बुडवून निथळलेल्या मऊ ब्रशने वरून खाली दाबत जा. घासू नका, थोपटा. कातडं गुळगुळीत होतं, तरी उजेडात तिरपं धरलं तर धाग्यांची बारीक लव दिसते. ही लव हवीच. ती नसली तर कापसाचं फळ मातीचं वाटतं.

आता रंग, आणि इथे घाई नको. कातडं पूर्ण वाळल्यावर फिक्या पिवळ्या रंगाचा पाणीदार हात द्या. तो दमट असतानाच एका गालाला लाल रंगाचं टोक टेकवा आणि सोडून द्या. रंग आपला आपण पसरतो. जुन्या फळांवरची लाली अशीच विरत गेलेली दिसते, तिला कुठे कडा नसते. ॲक्रिलिक वापरलंत तर रंग वर साय धरल्यासारखा बसेल आणि कापूस प्लास्टिकसारखा दिसेल. जलरंगच घ्या.

रंग वाळला की वरच्या भागावर पातळ खळ फिरवून अभ्रकाचा चुरा भुरभुरा. या वेळी मास्क लावा. फार नको, दव पडल्याइतपत. देठाच्या तारेला तपकिरी क्रेप कागदाची चिंधी गुंडाळा, वाटल्यास कापडाचं एक पान बांधा, वर टांगायला बारीक तारेची कडी करा.

झालेली नासपती जुन्या वस्तूशेजारी ठेवा. तुमची जाड वाटेल, लाली भडक वाटेल. पाच करा. माझ्या पहिल्या चार आजही एका डब्यात आहेत आणि पाचवीपाशी मला कळलं की मूळ कारागीर माझ्या निम्मा कापूस वापरत होता.

चेहरा असलेली आकृती

फळं जमली की बाहुलीकडे वळा. तारेचा सांगाडा करा: एक तार डोक्यापासून पायांपर्यंत, एक हातांसाठी आडवी. प्रत्येक अवयवावर आधी बारीक कापूस गुंडाळा, मग धडाला आकार द्या. कोट, टोपी, पायमोजे हे सगळं कापसाच्या वेगळ्या पट्ट्यांनी, मधेमधे वाळवत. झगा असेल तर क्रेप कागद शोभतो.

चेहऱ्यासाठी जुन्या छापील चित्राची प्रतिकृती वापरा. खऱ्या जुन्या चित्राला कात्री लावू नका, त्याचं स्कॅन करा. जाड, तकतकीत कागदावर छापलेला चेहरा परका दिसतो, म्हणून पातळ मॅट कागद घ्या आणि चिकटवण्याआधी मागून बोथट टोकाने गाल किंचित उठवा. त्या काळातले कागदी चेहरे उठावदार असत. आजच्या एखाद्या कलाकाराची आकृती मात्र तशीच्या तशी करू नका. शंभर वर्षांपूर्वीचा नमुना सगळ्यांचा असतो, जिवंत कलाकाराची कल्पना त्याची स्वतःची.

लगदा आणि पिसं, थोडक्यात

लगद्याच्या पोकळ वस्तूंसाठी साचा लागतो. जुन्या वस्तूवरून कधीही साचा काढू नका, प्लास्टरचा ओलावा तिचा रंग आणि खळ दोन्ही ओढून घेतो. मोजमापं घ्या, मातीत स्वतः घडवा आणि त्यावरून दोन भागांचा प्लास्टरचा साचा काढा. आत आलेल्या खोबणी टाळा, नाहीतर कागद सुटणार नाही. कागदाच्या पट्ट्या खळीत भिजवून चार-पाच थर बसवा, वाळल्यावर अर्धे भाग जोडा आणि सांध्यावर कागद चिकटवा. जुन्या गंभीर चेहऱ्याच्या सांताक्लॉजना, ज्यांना संग्राहक ‘बेल्सनिकल’ म्हणतात, असाच सांधा कडेने जाताना दिसतो.

पिसांच्या झाडाला कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. हंसाच्या पिसाच्या दांडीवरून केसांची कड सोलून काढायची, हिरवी रंगवायची, पाण्यात मऊ करायची आणि तारेवर तिरकी गुंडाळायची म्हणजे केस सुयांसारखे उभे राहतात. फांद्यांत भरपूर अंतर ठेवा. या झाडांवर मेणबत्त्या लावत, आणि लटकन मोकळं लोंबायला जागाही हवी. पहिलं झाड ३० सेंटिमीटरपेक्षा मोठं करू नका. खऱ्या मेणबत्त्या मात्र आता शोभेपुरत्याच, पेटवू नका.

जुनं दिसणं आणि सही

नव्या वस्तूला थोडा जुनेपणा द्यावासा वाटतो, त्यात गैर काही नाही. कापूस पांढराशुभ्र न घेता मळखाऊ रंगाचा घ्या, रंगात थेंबभर तपकिरी मिसळा, अभ्रक कमी टाका. पण खोटा शिक्का, खोटं लेबल, गंज चढवलेली जुनी टोपी नव्या गोळ्यावर, हे करू नका.

आणि प्रत्येक वस्तूवर सही करा. आद्याक्षरं आणि वर्ष, न पुसणाऱ्या शाईने, काढता येणार नाही अशा जागी. कापसाच्या वस्तूत मी वर्ष लिहिलेली कागदाची चिठ्ठी गाभ्यातही गुंडाळते आणि वर तळाशी दिसेल अशीही लिहिते. तुम्ही वस्तू भेट द्याल, ती पुढे विकली जाईल, तीस-चाळीस वर्षांनी कुणा नवख्याच्या हाती येईल. मला एकदा नवीच वस्तू जुनी म्हणून विकली गेली होती. पैसे गेल्याचं वाईट कमी वाटलं, त्या वस्तूवर विश्वास ठेवून मी सहा महिने चुकीचं शिकले याचं जास्त.

जपणूक

जुन्या वस्तू पाण्याने पुसू नका. लाउशाच्या गोळ्यांवरचे रंग ओल्या कापडाने क्षणात उतरतात आणि उतरलेले परत येत नाहीत. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे.

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्यातलं आम्ल आणि शाई दोन्ही लागतात. आम्लरहित टिशू कागद आणि पुठ्ठ्याचे कप्पे वापरा. पोटमाळा आणि तळघर दोन्ही वाईट, एकात उष्णता, दुसऱ्यात ओल. राहत्या खोलीतलं कपाट बरं. कापूस, लगदा आणि खळ हे उंदरांचं आणि कसरीचं खाद्य आहे, म्हणून झाकण घट्ट बसणारं खोकं घ्या आणि वर्षातून दोनदा उघडून पाहा.

एक वही ठेवा. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कुठून मिळाली, भिंगाखाली काय दिसलं, अतिनील प्रकाशात काय दिसलं, आणि शेजारच्या पानावर तिच्यावरून तुम्ही केलेली वस्तू: किती कापूस, किती थर, कोणती खळ, काय बिघडलं. माझ्या वहीत पहिल्या नासपतीचं पान अजून बंद झालेलं नाही. मागच्या आठवड्यातच त्यात एक ओळ वाढली, देठाजवळचा कापूस उलट दिशेने गुंडाळलेला आहे.